सुईमुळे होणारे दुष्टव्रण : दिग्धविद्ध व्रणाच्या आधारे चिकित्साविचार

प्रास्ताविक

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांच्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ शिवमंदिराबरोबरच कारखान्यांमुळे ओळखले जाऊ लागले. बदलापूर तर अलीकडच्या काळात डोळ्यांदेखत वाढले. दाट वस्ती, रोजंदारीचे काम आणि लोकलचा प्रवास यांनी जोडलेल्या या पट्ट्यात गल्लीतील वैद्य आणि नाक्यावरचे औषधाचे दुकान हेच पुष्कळांचे पहिले आरोग्यकेंद्र असते. सुईने मादक द्रव्ये घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. मोठ्या रुग्णालयात नाव-पत्ता सांगावा लागेल, पोलिसांना कळेल, अपमान होईल, या भीतीने तो तेथे जात नाही. तो मलम मागायला दुकानात येतो, किंवा दंडाला फडके गुंडाळून वैद्यासमोर उभा राहतो आणि खिळा लागला, भाजले, किडा चावला असे काहीतरी सांगतो.

या व्रणासंबंधी आपल्या व्यवसायबंधूंत दोन प्रवृत्ती दिसतात. एक म्हणजे रुग्णाला दारातूनच परत पाठविणे. दुसरी म्हणजे नेहमीचा दुष्टव्रण समजून नेहमीचे तेल व गुग्गुळकल्प देऊन आठ दिवसांनी बोलाविणे. आमच्या मते दोन्ही घातक आहेत. हा व्रण विषयुक्त आहे, आणि तो प्रथम ज्याच्यासमोर उघडला जातो त्याने पहिल्या अर्ध्या तासात घेतलेल्या निर्णयावर रुग्णाचा हात, पाय आणि प्रसंगी प्राणही अवलंबून असतो. कोणता व्रण आपला, कोणता आपला नाही, आणि जो आपला आहे त्याची चिकित्सा कोणत्या क्रमाने करावी, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

हेतुविचार

ब्राऊन शुगर, म्हणजेच लोकभाषेतील गर्द, १९८० नंतरच्या दशकात मुंबईत पसरली. डॉ. अनिल अवचट यांच्या गर्द या लेखनामुळे हा विषय मराठी घरांत पोहोचला, आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व त्यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. आरंभी हे द्रव्य पन्नीवर तापवून ओढले जात असे. पुढे काहीजण सुईकडे वळले. गर्द मिळेनाशी झाली किंवा महागली की ब्युप्रेनॉर्फिन, पेंटाझोसिन यांसारखी वेदनाशामके, डायझेपाम व फेनिरामाइनसारखी द्रव्ये एकत्र करून टोचली जातात. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने मादक द्रव्ये घेतात. त्यांच्यात हेरॉइन आणि औषधी अफूजन्य द्रव्ये यांचे प्रमाण जवळजवळ सारखे, प्रत्येकी ४६ टक्के, आढळले. याचा अर्थ असा की, या व्रणाचे मूळ जितके गुन्हेगारी बाजारात आहे तितकेच औषधाच्या बाजारातही आहे. ही गोष्ट औषध दुकानदार बंधूंनी विशेष लक्षात घ्यावी.

व्रण होण्याची कारणे तीन प्रकारची आहेत. पहिले, द्रव्याचा स्वतःचा दाहक गुण. पेंटाझोसिन पुनःपुन्हा टोचल्याने त्वचा व मांस लाकडासारखे कठीण होते आणि त्यात खोल, कडा उभ्या असलेले व्रण पडतात. दुसरे, भेसळ. खडूची भुकटी, कॅफीन, पॅरासिटामोल, झोपेच्या गोळ्या, कुटलेल्या गोळ्यांतील न विरघळणारे कण हे सर्व शिरेत किंवा तिच्या बाहेर जाते. सूक्ष्म वाहिन्या बंद होतात व तेथील धातू मरतो. तिसरे, जंतुसंसर्ग. एकच सुई अनेकांनी वापरणे, नळाचे किंवा डबक्याचे पाणी मिसळणे, सुईला जीभ लावणे यांमुळे त्वचेवरचे, तोंडातले व मातीतले जंतू थेट मांसात पोहोचतात.

भेसळ आणि जंतू किती भयंकर रूप घेऊ शकतात याची उदाहरणे परदेशांत घडली आहेत. २००० साली स्कॉटलंड, इंग्लंड व आयर्लंड येथे जंतुदूषित हेरॉइनमुळे शंभराहून अधिक रुग्ण झाले आणि त्यांतील चाळीसहून अधिक दगावले. त्यामागे मातीत राहणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम वर्गातील जंतू होते. २००९-१० मध्ये स्कॉटलंडमध्येच हेरॉइनमधून अँथ्रॅक्सचा उद्रेक झाला. अमेरिकेत झायलाझिन हे जनावरांना गुंगी आणण्याचे औषध प्रथम पोर्टो रिको बेटावर व नंतर फिलाडेल्फिया शहरात मादक द्रव्यांत मिसळले जाऊ लागले. त्याने होणारे काळ्या खपलीचे खोल व्रण सुई टोचलेल्या जागेपासून दूरही उमटतात. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी शासनाने फेंटानिल व झायलाझिन यांच्या मिश्रणाला नवोदित संकट म्हणून घोषित केले. झायलाझिन आपल्याकडेही पशुवैद्यकात वापरले जाते. म्हणून सुई न टोचलेल्या जागी असा व्रण दिसल्यास वैद्याच्या मनात ही शंका असावी.

ग्रंथाधार

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या, द्विव्रणीय अध्यायात व्रणाचे शारीर व आगंतु असे दोन भेद करून साठ उपक्रम सांगितले. आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत ते पाठ केले आहेत. परंतु प्रस्तुत व्रणाचे सर्वांत जवळचे वर्णन तेथे नसून कल्पस्थानाच्या पाचव्या अध्यायात, दिग्धविद्धाच्या प्रकरणात आहे. विष माखलेल्या शस्त्राने विद्ध झालेला तो दिग्धविद्ध. तेथे सांगितलेली लक्षणे अशी : क्षत तत्काळ पिकते आणि पुनःपुन्हा पिकत राहते, त्यातून रक्त वाहते, मांस काळे पडते, ओले व अत्यंत दुर्गंधी होते आणि गळून पडते, तृष्णा, मूर्च्छा, भ्रम, दाह व ज्वर ही सार्वदेहिक लक्षणे असतात. बाणाच्या टोकाऐवजी सुईचे टोक मनात आणले की हे वर्णन आजच्या रुग्णाला तंतोतंत लागू पडते.

चिकित्सेचा क्रमही तेथेच आहे. कुजलेले मांस युक्तीने काढणे, दूषित रक्ताचा निर्हरण, दोषांचे ऊर्ध्व व अधःशोधन, क्षीरी वृक्षांच्या सालींच्या काढ्याने सिंचन, आणि मध्ये वस्त्र ठेवून त्यावर घृतयुक्त, शीत, विषघ्न लेप. यांतील दोन सूचनांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. क्षीरी वृक्षांच्या साली म्हणजे आपले पंचवल्कल; आणि मधले वस्त्र म्हणजे लेप थेट व्रणावर चिकटू नये, काढताना नवे मांस ओरबाडले जाऊ नये यासाठी केलेली योजना. आधुनिक शल्यविद्येतील न चिकटणाऱ्या पट्टीचे तत्त्व याहून निराळे नाही.

साध्यासाध्यतेबद्दलही आचार्यांनी स्पष्ट सावध केले आहे. सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात कुष्ठी, विषजुष्ट, शोषी व मधुमेही यांचे व्रण, तसेच व्रणावर व्रण झालेल्यांचे व्रण कष्टसाध्य मानले आहेत. सुईच्या रुग्णात यांपैकी विष, शोष आणि व्रणावर व्रण या तीन गोष्टी बहुधा एकत्रच नांदतात. क्षय किंवा मधुमेह असल्यास त्यात भर पडते. म्हणून पंधरा दिवसांत बरे करून देतो, असे आश्वासन वैद्याने कधीही देऊ नये.

परीक्षण

प्रश्नपरीक्षा एकांतात करावी. नातेवाइकांना बाहेर बसवावे. गर्दुल्ला हा शब्द दवाखान्यात कोणीही, मदतनिसानेही, उच्चारू नये. सुई घेत असाल तर मला सांगा, ते माझ्यापाशीच राहील आणि औषध त्याप्रमाणे द्यावे लागेल, एवढे शांतपणे म्हटले की बहुतेक रुग्ण खरे बोलतात. मग पुढील गोष्टी विचाराव्यात : काय टोचले, शेवटचे केव्हा, कोठे, सुई दुसऱ्याची होती काय, सूज किती तासांत वाढली, ताप, थंडी, धाप आहे काय, मद्य व झोपेच्या गोळ्या सोबत चालू आहेत काय, एच.आय.व्ही., कावीळ, क्षय यांची तपासणी किंवा औषधे चालू आहेत काय. धनुर्वाताची लस केव्हा घेतली.

दर्शन व स्पर्शन यांसाठी रुग्णाचे दोन्ही दंड, कोपरांचे खळगे, जांघा, मांड्या, पिंढऱ्या व मान उघड्या करून पाहाव्यात; दाखविलेल्या एका व्रणामागे न दाखविलेले दोन असतात. व्रणाची लांबी-रुंदी मोजून लिहावी आणि लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून वेळ नोंदवावी. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली तर वाद घालण्याचे कारण उरत नाही. पायाच्या व्रणात पावलाच्या पाठीवरील व घोट्याच्या आतील बाजूची नाडी लागते काय हे पाहिल्यावाचून कोणताही बंध बांधू नये.

कोणता व्रण आपला नव्हे

कृत्य आणि अकृत्य यांचा विवेक हे शल्यतंत्राचे पहिले पाऊल होय. पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास लेप, तेल, काढा यांत वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

१. सूज तासातासाने पसरत असणे. दिसणाऱ्या व्रणाच्या मानाने वेदना फार अधिक असणे. त्वचेवर निळसर-काळे डाग, पाण्याचे फोड, किंवा दाबल्यावर कुरकुर आवाज लागणे. हा मांसापर्यंत पसरणारा कोथ असू शकतो आणि त्यात तासांचा हिशेब असतो.

२. जांघेतील, कोपरातील किंवा मानेतील सूज हाताखाली ठोके देत असणे. हा पिकलेला विद्रधी नसून फाटलेल्या धमनीचा फुगा असू शकतो. त्याला शस्त्र लावल्यास रुग्ण दवाखान्यातच रक्तस्रावाने दगावेल. जांघेतील कोणत्याही गाठीला आपल्या दवाखान्यात शस्त्र लावू नये, असा नियमच करावा.

३. टोचल्यानंतर बोटे निळी, पांढरी, थंड किंवा बधिर होणे. द्रव्य धमनीत गेल्याचे हे चिन्ह आहे.

४. संपूर्ण पाय सुजणे व पिंढरी दुखणे. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका.

५. ताप, थंडी, धाप, भ्रम, मूत्र कमी होणे, नाडी फार जलद चालणे. विष रक्तात पसरल्याचे किंवा हृदयाच्या झडपांना संसर्ग झाल्याचे हे लक्षण असू शकते.

६. जबडा आखडणे, गिळता न येणे, पापण्या मिटणे, दुहेरी दिसणे. पहिल्या दोहोंत धनुर्वात, नंतरच्या दोहोंत व्रणातून भिनणारे बोट्युलिनम विष संभवते.

७. तळाशी हाड किंवा स्नायुरज्जू उघडी दिसणे, सांध्यावरचा व्रण, हाताच्या पंजातील पू.

आपल्या भागात उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय व बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही जवळची ठिकाणे आहेत. तेथून पुढे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि मुंबईतील शीव, के.ई.एम. व जे.जे. ही मोठी रुग्णालये आहेत. रुग्ण चालण्याच्या स्थितीत नसल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी. सोबत चिठ्ठी द्यावी आणि तीत केवळ व्रणाचे वर्णन न देता कोणते मादक द्रव्य, किती वेळापूर्वी, हेही लिहावे. हे न लिहिल्यास रुग्णालयात दाखल झाल्यावर सहा-आठ तासांत रुग्णाला द्रव्य न मिळाल्याचा त्रास सुरू होतो, तो कोणालाच समजत नाही, आणि रुग्ण सलाइन काढून निघून जातो. पाय गमावण्याच्या अनेक घटनांचे मूळ व्रणात नसून या पलायनात असते.

व्रणचिकित्सा

वरील लक्षणे नसलेला, ज्वररहित, मर्यादित व्रण वैद्याने घ्यावा. त्याचा क्रम असा.

शोफावस्था : सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायातील आम, पच्यमान व पक्व यांचा भेद येथे पदोपदी उपयोगी पडतो. आम शोफाला शस्त्र लावू नये. पक्व शोफ तसाच ठेवू नये. बाहेर न पडलेला पू वाऱ्याने चेतलेल्या वणव्याप्रमाणे मांस, सिरा व स्नायू खात जातो, असा इशारा आचार्यांनी दिला आहे. सुईच्या व्रणात पू खोल असतो, वरची त्वचा कठीण असल्याने लवलव कळत नाही. अशा वेळी सोनोग्राफी करून घेणे श्रेयस्कर. भेदन शल्यतंत्राचे शिक्षण, साधने व बधिरीकरणाची सोय असलेल्यानेच करावे. पुनःपुन्हा पोटीस बांधून पिकण्याची वाट पाहण्याचा मार्ग या रुग्णात स्वीकारू नये. ताप आल्यास प्रतिजैविकांसाठी त्वरित पाठवावे.

प्रक्षालन : उकळून गार केलेले पाणी किंवा सलाइनचे पाणी भरपूर वापरावे. त्यानंतर पंचवल्कलाचा, म्हणजे वड, उंबर, पिंपळ, पायरी व पारोसा पिंपळ यांच्या सालींचा, ताजा, गाळलेला, कोमट काढा. दुर्गंध व स्राव अधिक असल्यास त्रिफळा व निंब यांचा काढा. काढा रोजच्या रोज करावा. कालचा उरलेला काढा म्हणजे जंतूंचे खाद्यच होय. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, मोरचुदाचे तीव्र पाणी, टर्पेंटाइन, रॉकेल यांपैकी काहीही व्रणात ओतू नये. त्याने कीड जाते असे वाटते, पण उगवणारे मांस आधी जळते.

शोधन : पिवळा, सैल, मेलेला धातू धुताना जेवढा सहज सुटेल तेवढाच काढावा. घट्ट चिकटलेली कोरडी काळी खपली ओढू नये. घृतयुक्त लेपाने ती मऊ करावी आणि सुटेल तशी कात्रीने उतरवावी. खालून पू येत असेल तर मात्र शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. क्षारकर्म, अग्निकर्म व जळौकावचारण या व्रणात आम्ही वर्ज्य मानतो. दिग्धविद्धात रक्तनिर्हरण सांगितले आहे हे खरे. परंतु येथील रुग्ण क्षीणधातू असतो, रक्तवाहिन्या आधीच बंद झालेल्या असतात, आणि त्याच्या रक्तातून एच.आय.व्ही. व कावीळ यांचा प्रसार होण्याचा धोका असतो. वमन-विरेचनाविषयीही हेच म्हणता येईल. ग्रंथाचा आदेश रुग्णाच्या बलाबलासह वाचावयाचा असतो.

रोपण : व्रणाचा तळ जिभेच्या पृष्ठासारखा लाल, मऊ, स्निग्ध व समतल झाला, स्राव व वेदना थांबली, की तो शुद्ध झाला असे समजावे. मग यष्टिमधुघृत, किंवा मध व तूप यांनी भिजविलेली निर्जंतुक पट्टी अंतर्वस्त्र म्हणून ठेवावी. मध निर्जंतुक केलेला, व्रणासाठी तयार केलेलाच घ्यावा. उघड्या बरणीतला नको. जात्यादि तेल किंवा घृत लहान व्रणात उपकारक आहे. त्यात तुत्थ असल्याने मोठ्या उघड्या पृष्ठभागावर दीर्घकाळ वापरू नये.

बंध : सुश्रुतांनी विषनिमित्त व दाह-पाकयुक्त व्रणांना बंध निषिद्ध मानला आहे. त्याचा आशय घेऊन आरंभी आवरण सैल ठेवावे. पायाच्या जुनाट शिराजन्य व्रणात दाह शमल्यावर व नाडी उत्तम लागत असल्यासच पावलापासून गुडघ्यापर्यंत सम दाबाचा बंध बांधावा आणि पाय उंच ठेवण्यास सांगावे.

धूपन : मोहरी, निंबपत्र, तूप व सैंधव यांचे धूपन दिवसातून दोनदा, दहा दिवस, असा विधी सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. खोलीच्या धूपनासाठी तो अवश्य करावा. क्षय किंवा दम्याच्या रुग्णाजवळ मात्र धूर करू नये.

रुग्ण रोज येणार नाही हे गृहीत धरावे. म्हणून पहिल्याच दिवशी त्याला स्वतः व्रण धुण्यास व पट्टी बदलण्यास शिकवावे आणि तीन दिवस पुरेल एवढे साहित्य कागदी पिशवीत बांधून द्यावे. पट्टीचा खर्च परवडत नसेल तर जुने सुती कापड उकळून, उन्हात कडक वाळवून, इस्त्री करून वापरता येते.

वैद्याची स्वतःची रक्षा : हातमोजे अनिवार्य. दूषित पट्ट्या पिवळ्या पिशवीत व सुया न भेदल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकाव्यात, असा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचा दंडक आहे. सुई टोचल्यास जागा साबण व वाहत्या पाण्याने धुऊन शक्यतो दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, शासकीय रुग्णालयात प्रतिबंधक औषधे सुरू करावीत.

आभ्यंतर औषधे

त्रिफळा गुग्गुळ, गंधक रसायन, मंजिष्ठा, गुडूची, सारिवा यांची योजना नेहमीप्रमाणे करता येईल. परंतु यकृताची तपासणी आधी करून घ्यावी. सुई वापरणाऱ्यांत क प्रकारच्या काविळीचे प्रमाण मोठे असते, आणि तिच्यावरील औषधे २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात विनामूल्य मिळतात. पारद, ताम्र, सोमल असलेले रसकल्प अशा यकृतावर लादू नयेत. एच.आय.व्ही. व क्षय यांची औषधे चालू असल्यास ती थांबवू नयेत, आणि त्यांच्यासोबत नवे कल्प देताना संबंधित डॉक्टरांना कळवावे.

अहिफेनयुक्त कल्पांबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. कर्पूर रस, कामिनीविद्रावण रस इत्यादींत अफू असते. त्रास कमी होतो म्हणून असे कल्प या रुग्णाला देणे म्हणजे एका सुईऐवजी दुसरी गोळी लावणे होय.

आहार व उपासना

या रुग्णात लंघन नाही, बृंहण आहे. साठ उपक्रमांत बृंहण, विषघ्न, आहार व रक्षाविधान यांचाही समावेश आहे हे आपण विसरतो. जुना तांदूळ, मूग, मांसरस, तांदुळजा, तूप, डाळिंब. मांसाहारी व्यक्तीस अंडी. हातगाडीवरचा वडापाव हाच ज्याचा आहार आहे त्याला पथ्याची यादी न देता दोन अंडी आणि मुगाची खिचडी एवढेच सांगावे, तो पाळेल. नवे धान्य, दही, मद्य व दिवसा झोप वर्ज्य.

व्रणितोपासनीय अध्यायात प्रिय बोलणारे मित्र जवळ बसून गोष्टींनी व्रणाची वेदना हलकी करतात, असे म्हटले आहे. ज्याचे घर सुटले आहे, ज्याचे मित्र केवळ सुईपुरते आहेत, त्याला असा सुहृद कोठून मिळणार? ती जागा काही काळ वैद्याने व घरच्या एखाद्या समंजस माणसाने घ्यावयाची आहे. व्रण मोजताना मागच्या वेळेपेक्षा अर्धा बोट कमी झाला, असे त्याला सांगितले की पुढच्या वेळी तो नक्की येतो.

व्यसनाची चिकित्सा

सुई चालू असेपर्यंत व्रण भरणार नाही, हे खरे. परंतु आधी व्यसन सोड, मग व्रण बघतो, ही अट घालणे चुकीचे आहे. व्रण हेच रुग्णाला उपचारांशी बांधणारे निमित्त आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत जिभेखाली विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देखरेखीखाली विनामूल्य देण्याची केंद्रे चालतात. त्याने सुईची गरज संपते. माहितीसाठी १०९७, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे विनामूल्य क्रमांक आहेत. डायझेपामसारखी द्रव्ये दीर्घकाळ घेणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात. म्हणून घरी कोंडून व्यसन सोडविण्याचा सल्ला देऊ नये. काही आठवडे सुई बंद राहिल्यावर पूर्वीच्याच मात्रेने घेतल्यास श्वास थांबून मृत्यू येतो, हे रुग्णाला व घरच्यांना आवर्जून सांगावे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळे, श्वास अगदी मंद अशी स्थिती असल्यास १०८ ला बोलवावे, कृत्रिम श्वास द्यावा आणि नालोक्सोनसाठी रुग्णालय गाठावे.

स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमाने अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण दिले आहे. पोलिसांच्या भीतीने थांबलेल्या रुग्णाला हे सांगणे हेही औषधच आहे.

औषध दुकानदार बंधूंसाठी

ब्युप्रेनॉर्फिन, पेंटाझोसिन, डायझेपाम, ट्रॅमाडॉल ही औषधे एच-१ अनुसूचीत आहेत. १ मार्च २०१४ पासून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व संख्या तीत लिहून ती तीन वर्षे जपावयाची असते. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले आहे. हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. रोज दोन कुप्या मागणारा तरुण आणि दोन महिन्यांनी मांडीतील व्रणाचे मलम मागणारा तरुण बहुधा एकच असतो.

जखमेसाठी मलम मागणाऱ्याला निदान जखम पाहून घ्या, असे सांगून जवळच्या वैद्याकडे किंवा रुग्णालयात पाठवावे. स्टेरॉइड मिसळलेले मलम तर मुळीच देऊ नये. नवी सुई नाकारल्याने व्यसन सुटत नाही, जुनी सुई वापरली जाते. स्वच्छ सुई संसर्ग टाळते हे तत्त्व २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्यानेही मान्य केले आहे. जेवणात नकळत मिसळावयाची व्यसनमुक्तीची चूर्णे दुकानात ठेवू नयेत. त्यांतील घटक विकणाऱ्यालाही ठाऊक नसतात, आणि फसविलेला रुग्ण पुढे खऱ्या औषधावरही विश्वास ठेवत नाही. अफू, धोतरा, बचनाग इत्यादी ई-१ अनुसूचीतील विषारी द्रव्ये असलेले आयुर्वेदीय कल्प वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. ते वैद्याच्या चिठ्ठीवरच द्यावेत.

उपसंहार

दिग्धविद्धाचे वर्णन करताना आचार्यांच्या डोळ्यांसमोर रणांगण असावे. आज तो बाण रेल्वेच्या फाटकाजवळ, बंद कारखान्याच्या भिंतीआड, कधी घराच्या मोरीत लागतो. आणि सोडणारा व घायाळ होणारा एकच असतो. त्यामुळे त्याच्यावर राग येणे स्वाभाविक आहे. परंतु विष कोणी माखले, या प्रश्नावरून शल्यतंत्राने कधी व्रण नाकारलेला नाही. पाठवावयाचा तो तत्काळ पाठवावा, ठेवावयाचा तो चिकाटीने ठेवावा, धुवावा, मोजावा, झाकावा, आणि पुढची तारीख लिहून द्यावी. आपल्या तिन्ही शहरांतील वैद्यांनी व दुकानदारांनी एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक, जवळच्या रुग्णालयांचे अपघात विभाग व चाचणी केंद्रांच्या वेळा एका कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात, अशी आमची विनंती आहे. एवढ्या एका कागदाने कोणाचा तरी पाय वाचू शकेल.